गल्लीत चुकलेला ठिपका आणि रेडिओलहरींचा कवडसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: सिंहस्थापूर्वी पंचवटीतील एका गल्लीत रेडिओलहरींच्या परावर्तक फलकांची चाचणी घेण्याबाबत

सिंहस्थाच्या तयारीविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी नियमाने वाचते. घाटांचे रुंदीकरण, पूल, साधुग्राम, वाहनतळ यांविषयी सविस्तर लिहिले जाते आणि तंत्रज्ञानाचा विषय निघाला की कॅमेरे आणि ड्रोन यांची नावे येतात. मात्र रामकुंडाकडे उतरणाऱ्या जुन्या, अरुंद गल्ल्यांमध्ये माणूस नेमका कुठे उभा आहे आणि चालती गर्दी कोणत्या क्षणी थबकली, हे नियंत्रण कक्षाला कसे कळणार, या प्रश्नाची चर्चा माझ्या वाचनात आलेली नाही. दूरसंचार अभियांत्रिकी शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि माझे घर पंचवटीत आहे. या दोन्ही कारणांनी हे पत्र लिहीत आहे.

१३ सप्टेंबर २०१५ च्या शाही स्नानाच्या दिवशी जळगावहून आलेल्या माझ्या आत्या गर्दीत आमच्यापासून तुटल्या. त्यांच्याजवळ फोन होता. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने त्यांच्या फोनवरून आम्हाला ठिकाण पाठवले आणि नकाशावरचा ठिपका गोदावरीच्या पलीकडे, गाडगे महाराज पुलाच्या बाजूला दिसला. आम्ही दोघे तिकडे धावलो. अडीच तासांनी आत्या सापडल्या त्या कपालेश्वराच्या मागच्या गल्लीत, एका ओट्यावर बसलेल्या, म्हणजे आम्ही जिथून निघालो होतो तिथून दीडशे मीटरच्या आत. त्यांना काही झाले नाही, हे आमचे नशीब. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला याच परिसरात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, आणि त्या दिवशी इथे असलेल्या कोणालाही ते अजून विसरता आलेले नाही.

ठिपका चुकला तो फोन वाईट होता म्हणून नव्हे. उपग्रहांवरून जागा काढताना फोनला चार गोष्टी शोधायच्या असतात: जागेचे तीन निर्देशांक आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने जरी चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. चार अज्ञात आहेत, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. ते आकाशात निरनिराळ्या दिशांना पसरलेले असले तरच उत्तर नेमके येते. दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली वाडे असलेल्या गल्लीतून आकाशाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते. बाजूच्या उपग्रहांचे संकेत सरळ येतच नाहीत, ते समोरच्या भिंतीवर आदळून लांबच्या वाटेने येतात आणि फोन त्या लांब वाटेलाच खरे अंतर समजतो. मोबाईलच्या मनोऱ्यांवरून जागा काढायची म्हटली तरी अडचण तीच आहे, कारण मनोरा आणि माणूस यांच्यामध्ये भिंत असते.

या भिंतींनाच कामाला लावण्याचा एक मार्ग गेल्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे. इंग्रजीत त्याला ‘रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस’, थोडक्यात आरआयएस, म्हणतात. मी पुढे त्याला फलक एवढेच म्हणेन. वाड्याच्या चौकात आरसा धरून अंधाऱ्या माजघरात कवडसा पाडण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेला आहे. हा फलक रेडिओलहरींचा तसाच कवडसा पाडतो. फरक असा की आरसा हाताने फिरवावा लागतो, तर हा फलक जागचा न हलता कवडशाची दिशा बदलतो.

हे कसे घडते ते आपल्या नाशिक ढोलाच्या उदाहरणाने सांगता येईल. चौतीस मीटर लांब रांगेत ढोलवादक उभे आहेत आणि सर्वांनी एकाच क्षणी टिपरू मारले, तर रांगेच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाचा ठोका दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि ताल विस्कटतो. प्रत्येक वादकाने आपला ठोका जरासा आधी किंवा नंतर सरकवला, तर एका ठरावीक जागी सगळे ठोके एकदम पोहोचतात आणि तिथे आवाज दणदणीत होतो. सरकवण्याचे प्रमाण बदलले की ती जागा बदलते. फलकावर शेकडो किंवा हजारो लहान धातूचे चौकोन असतात आणि प्रत्येकाला जोडलेला डायोड, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा चिमुकला घटक, त्या चौकोनावरून परतणाऱ्या लहरीला ठरवलेल्या प्रमाणात मागे-पुढे करतो. फलक स्वतः लहर निर्माण करत नाही आणि वाढवतही नाही, त्यामुळे वीज लागते ती डायोडांना आणि ते चालवणाऱ्या लहान नियंत्रकाला.

कल्पनेचे मूळ आपल्याला परके नाही. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर काम करताना १८९८ मध्ये तागाचे धागे पिळून केलेल्या जुड्यांमधून लहरी पाठवल्या आणि त्यांच्या ध्रुवणाची, म्हणजे लहर ज्या दिशेत कंप पावते तिची, दिशा फिरते हे दाखवले. घडण बदलून पदार्थाला लहरींशी हवे तसे वागायला लावण्याच्या विचाराची ती फार जुनी पायरी आहे.

आता जागा शोधण्याकडे येते, कारण या फलकाची खरी शक्ती तिथे आहे आणि तिच्याविषयी सर्वात कमी बोलले जाते. बहुतेक लेखांत फलकाचा उपयोग ‘जिथे सिग्नल नाही तिथे सिग्नल पोहोचवणे’ एवढाच सांगितला जातो. मला तो दुय्यम वाटतो. फलक कुठे बसवला आहे हे आपल्याला मिलिमीटरपर्यंत मोजून ठेवता येते, त्यामुळे तो जमिनीवर उभ्या केलेल्या उपग्रहासारखे काम करतो. एका मनोऱ्यावरून निघालेली लहर फोनकडे दोन वाटांनी पोहोचली, एक सरळ आणि एक फलकावरून, तर दोन वेळा मिळतात. फलकाने कवडसा निरनिराळ्या दिशांना फिरवला आणि कोणत्या दिशेला फोनकडे सर्वाधिक शक्ती आली हे पाहिले, तर आडवा आणि उभा असे दोन कोन मिळतात. दोन वेळा आणि दोन कोन मिळून चार मोजमापे होतात. अज्ञात गोष्टीही चारच आहेत. ज्या कामाला चार उपग्रह लागत होते, ते एक मनोरा आणि एक फलक मिळून करू शकतात, आणि फोनच्या घड्याळाची चूकही त्याच गणितात सुटते.

यावर कोणीही विचारील की गल्लीत तर लहर पन्नास भिंतींवरून येते, मग त्यातली फलकावरून आलेली कोणती हे फोनला कसे कळणार? याचे उत्तर मला या विषयातील सर्वात सुंदर भाग वाटतो. फलकाला सांगायचे की एका क्षणी लहर सरळ परतव आणि पुढच्या क्षणी उलटी करून परतव. भिंतींना हे करता येत नाही, त्या दोन्ही वेळा सारख्याच वागतात. दोन मोजमापांची वजाबाकी केली की भिंतींचा वाटा जवळजवळ नाहीसा होऊन फलकाचा उरतो, आणि बेरीज केली की फलकाचा वाटा जाऊन बाकीचा उरतो. ही उलटापालट मात्र चटकन व्हायला हवी. चालणारा माणूस एका मिलिसेकंदात साधारण एक मिलिमीटर सरकतो, त्यामुळे पालट त्याहून संथ असेल तर दोन मोजमापांच्या मध्ये गर्दीच बदललेली असेल. डायोडांच्या फलकाला हा वेग सहज साधतो. द्रवस्फटिकांवर (लिक्विड क्रिस्टल) चालणारे फलक याहून संथ असतात, म्हणून गर्दीच्या जागी ते वापरू नयेत असे माझे मत आहे.

नेमकेपणा किती मिळेल, हे बऱ्याच अंशी पट्टारुंदीवर, म्हणजे संकेत वारंवारतांचा किती रुंद पट्टा व्यापतो यावर, ठरते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा मुख्यतः ३.३ गिगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यात चालते. तिथे १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा संकेत वापरला तर तीन मीटरपेक्षा कमी फरकाच्या दोन वाटा सहजासहजी वेगळ्या ओळखता येत नाहीत. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ज्याचा लिलाव २०२२ मध्येच झाला, ४०० मेगाहर्ट्झचा संकेत वापरला तर हा फरक ७५ सेंटिमीटरवर येतो. तिथे लहरीची लांबी सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि चौकोन तिच्या साधारण निम्म्या मापाचे असल्याने अर्ध्या मीटरच्या चौरस फलकावर सात हजारांहून अधिक चौकोन बसतात. त्याच मापाच्या फलकावर पहिल्या पट्ट्यातल्या ३.५ गिगाहर्ट्झसाठी सव्वाशे-दीडशेच मावतील. आणखी एक लाभ आहे. अर्ध्या मीटरच्या फलकापासून सुमारे ४३ मीटरच्या आत, २६ गिगाहर्ट्झला, फोनपाशी पोहोचणारी लहर सपाट नसून वक्र असते आणि त्या वक्रतेतूनच फलकापासूनचे अंतर काढता येते. सरळ वाट पूर्ण बंद असली तरी अशा वेळी जागा सापडू शकते. आमच्या भागातल्या बहुतेक गल्ल्यांचा एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतचा टप्पा याहून लांब नाही, म्हणून हा आकडा मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

ज्यांच्याजवळ फोन नाही किंवा ज्यांचा फोन बंद आहे, त्यांचे काय? सिंहस्थात अशी माणसे थोडी नसतात. इथे या तंत्राचा दुसरा उपयोग येतो, तो म्हणजे संवेदन. माणसाच्या शरीरावरूनही लहरी परततात. फलक एकेक भाग उजळवत जातो, ठिकठिकाणी बसवलेले ग्राहक (रिसीव्हर) परतलेली लहर टिपतात आणि त्यातून कुठे किती दाटी आहे आणि ती कोणत्या दिशेने सरकते आहे याचा अंदाज बांधता येतो. सेकंदाला एक मीटर वेगाने समोर येणारा माणूस २६ गिगाहर्ट्झच्या परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत सुमारे १७३ हर्ट्झचा फरक पाडतो. गर्दी चालत असेल तर हा फरक दिसत राहतो, पुढची माणसे थांबली की तिथला फरक शून्याकडे येतो आणि मागच्या माणसांचा तसाच राहतो. चेंगराचेंगरीच्या आधीची स्थिती अशीच असते: पुढे वाट तुंबलेली आणि मागून लोटणे चालू. चौरस मीटरमागे पाचच्या वर माणसे झाली की पाऊल आपल्या मनाने टाकता येत नाही. त्या टोकाच्या दाटीत हे तंत्र डोकी मोजू शकेल असे मी म्हणणार नाही, पण प्रवाह थांबल्याची वर्दी काही सेकंदांत देणे त्याच्या आवाक्यात आहे आणि तीच आपल्याला हवी आहे. रात्र, धुके, छत्र्यांचे छत, यांपैकी कशानेही ते कॅमेऱ्याइतके आंधळे होत नाही.

आता मर्यादा सांगते, कारण त्या लपवून या कल्पनेचे भले होणार नाही. फलक स्वतः ऐकत नाही, ग्राहक वेगळे बसवावे लागतात. फलकावरून येणारी लहर दोनदा क्षीण होते, एकदा मनोऱ्यापासून फलकापर्यंत आणि पुन्हा फलकापासून फोनपर्यंत, आणि फोनला मिळणारी शक्ती या दोन अंतरांच्या गुणाकाराच्या वर्गाने घटते. म्हणून फलक मधोमध लावणे सर्वात तोट्याचे असते. मनोऱ्यापासून १०० मीटर आणि गर्दीपासून २० मीटरवर लावलेला फलक ६०-६० मीटरवर लावलेल्या फलकापेक्षा तिपटीहून अधिक शक्ती पोहोचवतो. चौकोनांची संख्या दुप्पट केली की शक्ती चौपट होते, त्यामुळे ही तूट बऱ्यापैकी भरून निघते. २६ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीराने मोठ्या प्रमाणात अडतात, त्यामुळे फलक डोक्यांच्या बऱ्याच वर हवा.

नाशिकची म्हणून जी अडचण आहे, ती कोणत्याही परदेशी शोधनिबंधात सापडणार नाही. अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या तारखांना आहेत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. गल्लीएवढ्या अंतरात पावसाच्या धारांनी लहर फारशी कमी होत नाही, पण फलकाच्या पृष्ठभागावर साचलेला पाण्याचा थर तिचा मेळ बिघडवतो, तेव्हा वर पाणी न धरणारे आवरण आणि पागोळ्यांपासून आडोसा लागेल. गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावर आम्ही पूर मोजतो, घाटाजवळच्या फलकांची उंचीही त्याच हिशोबाने ठरवावी लागेल. आणि आमच्या वाड्यांच्या सागवानी तुळया पावसाळ्यात फुगतात. तुळईला अडकवलेला फलक एका अंशाने जरी वळला, तरी ४० मीटरवरच्या माणसाची जागा एक मीटरहूनही अधिक चुकू शकते. म्हणून फलक दगडी भिंतीत रोवावेत आणि त्यांची दिशा दर आठवड्याला तपासावी. ही कामे गवंड्याची आणि भूमापकाची आहेत, पण यश-अपयश त्यांच्यावरच ठरेल.

किरणोत्साराची भीती अनेकांना वाटते, म्हणून तेही लिहिते. फलक नवी ऊर्जा निर्माण करत नाही, त्याच्यावर पडलेल्या ऊर्जेची दिशा तेवढी बदलतो. तरीही कवडसा जिथे एकवटतो तिथली पातळी मोजून ती लोकांसमोर ठेवली पाहिजे.

मला अधिक काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. रेडिओसंवेदन चेहरा ओळखत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून आत जातात आणि पुरेशा संवेदनक्षम यंत्राला श्वासाबरोबर हलणारी छातीही जाणवू शकते. गल्लीतली गर्दी पाहण्यासाठी लावलेले यंत्र वाड्याच्या आतल्या खोलीत कोण आहे हे पाहू लागले, तर ते आम्हा रहिवाशांना मान्य होणार नाही. शिवाय ज्याच्याजवळ फोनच नाही, त्याने संमती कोणाला आणि कशी द्यायची? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या माहितीभोवती रचलेला आहे, आणि नाव नसलेल्या सावल्यांचे काय हा प्रश्न त्याने पूर्णपणे सुटतो असे मला वाटत नाही. म्हणून चाचणीच्या आधीच लेखी नियम हवेत. यंत्रातून बाहेर पडावी ती फक्त दाटी आणि दिशा, मूळ संकेत काही तासांत पुसला जावा, आणि प्रत्येक फलकाखाली तो कोणाचा आहे आणि काय मोजतो याची मराठी पाटी असावी. हरवलेल्या माणसाच्या फोनचा शोध घ्यायचा तो फक्त त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी विनंती केल्यावर.

हे तंत्र अजून पक्व झालेले नाही. युरोपातील दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे एत्सीने, २०२१ मध्ये या फलकांसाठी स्वतंत्र गट स्थापला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिक्स-जीची जी चौकट ठरवली, तिच्या सहा उपयोगांपैकी एक संदेशवहन आणि संवेदन एकत्र करण्याचा आहे. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये भारत सिक्स-जीचा दृष्टिलेख प्रसिद्ध केला. परंतु चालू मोबाईल जाळ्यांच्या मानकांत हा फलक नियमित घटक म्हणून अजून बसलेला नाही. त्यामुळे संपूर्ण सिंहस्थ क्षेत्रात फलक लावा अशी मागणी मी करत नाही, आणि कोणी तशी विक्री करू पाहत असेल तर कुंभमेळा प्राधिकरणाने सावध राहावे. माझी मागणी एका गल्लीपुरती आहे: सरदार चौकातून रामकुंडाकडे येणाऱ्या वाटेवर तीन-चार फलक, काही ग्राहक, दूरसंचार विभागाचा प्रायोगिक परवाना, आणि पर्वणीच्या आधी एक पूर्ण पावसाळा मोजमाप. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना त्यात घ्यावे. चुकांसह सर्व आकडे जाहीर करावेत. २०२७ ला ही यंत्रणा मुख्य म्हणून नव्हे, तर पोलीस आणि कॅमेरे यांच्या जोडीला उभी राहावी.

नाशिकला हे झेपणार नाही असे कोणी म्हणू नये. २०१५ च्या सिंहस्थात याच शहरातल्या एका शाळकरी मुलाने पायाखाली अंथरायच्या चटईतून गर्दी मोजण्याचे यंत्र तयार केले आणि ते प्रत्यक्ष वापरले गेले. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या गटाने २०१२ मध्ये भिंतीवरून परतलेला प्रकाश मोजून कोपऱ्याआडची वस्तू कशी दिसते ते दाखवले होते. आपल्याला आपल्या कोपऱ्यांआड पाहायचे आहे ते प्रकाशाऐवजी रेडिओलहरींनी, एवढाच फरक.

आमच्या घराची गल्लीकडची भिंत काळ्या दगडाची आहे, वळणावर आहे आणि आजवरच्या कोणत्याही पुराचे पाणी तिच्या वरच्या भागाला लागलेले नाही. कुंभमेळा प्राधिकरणाने चाचणी घेण्याचे ठरवले, तर ती भिंत आणि तेवढी वीज विनामूल्य देण्यास आमचे कुटुंब तयार आहे. फलकाचे तोंड मात्र गल्लीकडे असावे, शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नव्हे, आणि ते बसवताना शेजाऱ्यांना बोलावून दाखवावे.

आपली नम्र,
दूरसंचार अभियांत्रिकीची एक निवृत्त अध्यापिका
पंचवटी, नाशिक